मोटारीची जाळी, बॉनेटवरची मूर्ती आणि छायाचित्राची तारीख

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार वऱ्हाड मध्य प्रदेशातून बाहेर पडून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्यानंतर अवघ्या ४९ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येणाऱ्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगे महाराजांनी देह ठेवला. अमरावतीहून परतवाड्याकडे आणि पुढे चिखलदऱ्याकडे जाणारा हा रस्ता. वऱ्हाडच्या स्मृतीत त्याला त्या वर्षाची तारीख कायमची चिकटली आहे.

आता असे समजू, की या रस्त्यावरचे एक जुने कृष्णधवल छायाचित्र कोणाच्या तरी ट्रंकेत सापडले. बाभळीची झाडे, धोतर-टोपीतली चार माणसे, मागे एक मोटार. छायाचित्राच्या पाठीवर नंतर कोणीतरी वेगळ्या शाईने लिहिले आहे : ‘वलगाव, १९५६’. या चार अक्षरांवर आणि चार आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

बाभळीला साल नसते. धोतर-टोपीचा वेश वऱ्हाडात कित्येक दशके टिकला. उरते ती मोटार, आणि मोटारीत सर्वाधिक बोलका भाग म्हणजे तिचे तोंड : पुढची जाळी आणि बॉनेटच्या टोकावर बसवलेली धातूची मूर्ती. बाकी पत्रा पाच-दहा वर्षे तोच राहतो. जाळी मात्र कारखानदार वरचेवर बदलतात. म्हणून जुन्या मोटारींचे जाणकार आधी जाळीकडे पाहतात.

यावर आक्षेप उघड आहे. जाळी घरी बदलता येते. अंगणात गाडी उभी करून, दोन पाने आणि एक पेचकस घेऊन, एका सुटीच्या दिवसात जुने तोंड काढून नवे बसवता येते. असे असेल तर जाळीच्या साक्षीला किंमत काय? या लेखाचा विषय हा आक्षेपच आहे. पण त्याआधी ही जाळी आणि ही मूर्ती तिथे आली कुठून, ते पाहणे आवश्यक आहे.

सुरुवातीच्या मोटारींना जाळी नव्हती, उघडा रेडिएटर होता. इंजिन तापते, ते थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागते, आणि ते पाणी वाऱ्यावर निववण्यासाठी रेडिएटर पुढे ठेवावा लागतो. गाडीचे ‘तोंड’ म्हणजे हे उघडे यंत्रच होते. त्याच्या माथ्यावर पाणी ओतण्याचे बूच असे. बूच चालकाच्या नजरेसमोर, मग त्यावरच तापमापक बसवला तर? अमेरिकेतल्या बॉइस कंपनीचा ‘मोटोमीटर’ हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले उपकरण नेमके हेच करीत असे. बुचावर उभ्या गोल चकतीत लाल रंगाचा द्रव चढताना दिसला, की चालकाने समजावे, पाणी उकळायला आले.

पुढे तापमापक चालकासमोरच्या फळीवर गेला, बूच बॉनेटच्या आत लपले, रेडिएटरपुढे शोभेची जाळी आली. बुचाची जागा मात्र रिकामी राहिली नाही. तिथे पक्षी आले, देवता आल्या, धावती हरणे आली. फ्रान्समध्ये लालिकने १९२५ पासून काचेच्या मूर्ती घडवल्या. उपयोग संपला तरी आकार उरतो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवी नाही. लाकडी बांधकामातली वाशांची टोके लेण्यांच्या दगडात कोरलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला बॉनेटवरची मूर्ती लगेच कळेल.

या मूर्तींपैकी सर्वांत प्रसिद्ध मूर्तीची कथा मुंबईच्या वाटेवर येऊन थांबते. रोल्स-रॉइसची, वस्त्रे वाऱ्यावर सोडून पुढे झुकलेली स्त्री शिल्पकार चार्ल्स साइक्स याने १९११ साली घडवली. एलिनोर थॉर्नटन ही तिची प्रेरणा होती असे मानले जाते. एलिनोर ही मोटारप्रेमी लॉर्ड माँटेग्यू यांची सचिव आणि सखी. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या मोटार वाहतुकीच्या कामासाठी माँटेग्यू हिंदुस्थानात निघाले, तेव्हा ती त्यांच्यासोबत मुंबईकडे जाणाऱ्या ‘पर्शिया’ जहाजावर होती. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत एलिनोरही होती. माँटेग्यू वाचले. हिंदी संस्थानिकांच्या कितीतरी रोल्स-रॉइस गाड्यांच्या माथ्यावर पुढे ती दिमाखात उभी राहिली. ती प्रत्यक्ष मात्र या देशाच्या किनाऱ्याला कधी लागली नाही.

आता धातूकडे वळू, कारण धातू हाही तारखेचा पुरावा आहे. अगदी आरंभीच्या गाड्यांचे तोंड पितळेचे, रोज घासावे लागणारे. मग निकेलचा मुलामा, पिवळसर उबदार झाक असलेला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्रोमियम आले आणि निळसर, थंड चकाकी रस्त्यावर उतरली. १९४२ च्या आरंभी अमेरिकेत युद्धासाठी क्रोमियम राखून ठेवले गेले, तेव्हा काही आठवडे कारखान्यांतून अशा गाड्या निघाल्या ज्यांच्या जाळीला मुलाम्याऐवजी साधा रंग होता. जुन्या गाड्यांच्या संग्राहकांना आज त्याच गाड्या दुर्मीळ वाटतात.

मूर्तीचा गाभा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला. भारतीय बाजारात त्याला ‘मॅझॅक’ म्हणतात. हा धातू स्वस्त आणि नक्षीला उत्तम, पण म्हातारपण वाईट : मुलाम्याखाली पुटकुळ्या येतात, आतून भुसभुशीत होतो, आणि खालचा पेच एका जादा वळणात तुटतो. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात ही कथा कुर्ल्याला येऊन सर्वांत रोचक होते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. करार अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी होता. पुढच्या वर्षांत तिथून प्लिमथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट अशी तीन नावे निघाली. तीन नावे, तीन जाळ्या, बॉनेटवर तीन चिन्हे. प्लिमथचे चिन्ह शिडाचे जहाज, कारण १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेला गेलेले ‘मेफ्लॉवर’ तिथल्या प्लिमथला लागले होते. डॉजवर शिंगे वळवलेला मेंढा, शिल्पकार अव्हार्ड फेअरबँक्स याच्या हातचा. डिसोटोवर सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश मोहिमकऱ्याचे, एर्नांदो दे सोतोचे नाव आणि शिरस्त्राण घातलेले मस्तक.

आणि या तिन्हींच्या खाली गाडी मूलतः एकच होती, प्लिमथ! क्रायस्लरने निर्यातीसाठी ही युक्ती आधीपासून योजली होती : प्लिमथच्या अंगावर डॉजचे तोंड बसवले की डॉज, डिसोटोचे बसवले की डिसोटो. ट्रकांच्या बाबतीतही तेच. डॉज, फार्गो आणि डिसोटो या नावांचे ट्रक एकाच कुळातले. म्हणजे जाळी आणि मूर्ती बदलून गाडीची ओळख बदलण्याचे काम कोणा हौशी माणसाने अंगणात करण्याच्या कितीतरी आधी खुद्द कारखान्याने केले होते. ‘मूळ’ डॉजचे मूळ तोंड असे ज्याला म्हणायचे, तेच मुळात बदललेले तोंड होते. अस्सल-नकलीचा वाद घालणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे.

टॅरिफ आयोगाच्या १९५३ च्या शिफारशींनंतर चित्र पालटले. केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना जागा उरली नाही. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली काम थांबवले. पुढची तीन दशके सामान्य खरेदीदारापुढे मुख्यतः हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर आणि प्रीमियरची फियाट या दोनच गाड्या राहिल्या. अँबॅसडर १९५७ च्या सुमारास आली, ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून. १९६३ च्या सुमारास बारीक चौकटींची जाळी लावून तीच ‘मार्क २’ झाली, १९७५ साली तोंड पुन्हा पालटून ‘मार्क ३’. उत्पादन थांबले ते थेट मे २०१४ मध्ये. फियाटचेही तसेच : १९५४ ची ‘अकराशे’ नावे आणि जाळ्या बदलत बदलत १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली.

नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. अशा वेळी दारातल्या जुन्या गाडीला नव्या ‘मार्क’ची जाळी बसवणे हा गाडी नवी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होता. जाळी तर बदलावी लागेच, कारण बैलगाडीच्या धुरेला धडकली की पहिला बळी तिचाच. मुंबईच्या चोर बाजारात सुटी तोंडे मिळत. मिस्त्री भोके जुळवून देत. त्यामुळे रस्त्यावर अशा गाड्या फिरू लागल्या, ज्यांचे धड एका वर्षाचे आणि तोंड दुसऱ्या वर्षाचे.

इथे वाचकाने नाशिकजवळच्या जोगळटेंभीला यावे. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला : तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. चांदी नहपानाची, चेहरा सातवाहनांचा. आणि अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्याच्या खुणा डोकावतात. सातकर्णीने नहपानाचा मोड केला, हा निष्कर्ष शिलालेखांबरोबर या दुहेरी ठशांवरही उभा आहे. नाणी वितळवून नवी पाडली असती, तर हा पुरावा मिळालाच नसता.

जाळी बदललेली मोटार म्हणजे पुन्हा ठसा मारलेले नाणे. तिचे नवे तोंड खोटे नाही. ते दुसऱ्या काळाचे आहे, आणि दोन्ही काळ एकाच वस्तूवर आहेत.

मग छायाचित्राच्या तारखेचे काय? पुरातत्त्वात एक साधा नियम आहे : पुरलेल्या साठ्याचा काळ त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ठरवायचा. साठ्यात जुनी नाणी कितीही असोत, सर्वांत नवे नाणे पडण्यापूर्वी तो पुरला जाणे शक्य नाही. हाच नियम मोटारीला लागू होतो. गाडीच्या अंगावरचा सर्वांत नवा भाग छायाचित्राची सर्वांत आधीची शक्य तारीख पक्की करतो. ‘वलगाव, १९५६’ असे लिहिलेल्या छायाचित्रात अँबॅसडर दिसली, तर मथळा तिथेच कोसळला. १९५६ साली त्या कंपनीची ‘लँडमास्टर’ रस्त्यावर होती, अँबॅसडर नव्हे. अँबॅसडर आहे आणि तिला बारीक चौकटींची जाळी आहे, तर छायाचित्र १९६३ च्या आधीचे असू शकत नाही, मग खालचे धड १९५८ चे असले तरी. नंबरपाटीवर ‘एमएच २७’ दिसले, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरचा काळ. आणि पाटी ही तर जाळीहूनही सहज बदलणारी वस्तू, तरी नियम तोच.

याउलट जहाजाची मूर्ती असलेली प्लिमथ दिसली, तर ‘१९५६’ खरे असू शकते, १९६६ ही असू शकते. जुना भाग काहीच सिद्ध करत नाही. नवशिक्या संशोधकाची चूक नेमकी इथे होते : गाडी १९५१ ची, म्हणून छायाचित्र १९५१ चे. वऱ्हाडात गाडी विकत घेतली की ती मुलांच्या लग्नापर्यंत चालवायची असते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

एक अडचण मात्र खास इथली आहे. मोटारीची छायाचित्रे घरोघरी काढली जात ती दसऱ्याला, आणि दसऱ्याच्या मोटारीच्या तोंडावर झेंडूचा भरगच्च हार असतो. नेमकी जाळी आणि नेमके चिन्ह हाराखाली! अशा वेळी दिव्यांच्या कडा, बंपरचा आकार आणि काचेची घडण पाहावी लागते. काच एकसंध की मध्ये पट्टी असलेली दोन तुकड्यांची, एवढ्यावरही बरेच ठरते.

छायाचित्रात भोके दिसत नाहीत. पण गाडी प्रत्यक्ष उरली असेल तर दिसतात. बॉनेट उचलून खालून पाहिले, की जुन्या मूर्तीच्या पेचांची भोके सापडतात : कधी मोकळी, कधी वितळजोड करून बुजवलेली, कधी नुसता लांबी भरून रंगवलेली. डॉजच्या मेंढ्याखाली दुसऱ्याच अंतरावरची दोन भोके असतील, तर तिथे पूर्वी दुसरे काही बसले होते. हा नहपानाचा ठसा आहे. आणि आज अमरावती-अकोल्यात एखाद्या वाड्याच्या पडवीत आजोबांची गाडी उभी करायला निघालेला नातू तो नकळत पुसून टाकू शकतो.

म्हणून हे काम घरी कसे करावे, हे इतिहासाच्या अंगानेही सांगण्यासारखे आहे. पाना हातात घेण्याआधी बॉनेटची वरची आणि खालची बाजू, मोजपट्टी शेजारी ठेवून, टिपून घ्यावी. मूर्ती खालून दोन पेचांवर नट आणि वायसर लावून आवळलेली असते. नट गंजलेले असणारच; त्यांवर गंज सोडवणारे तेल, तेही नसेल तर रॉकेल, रात्रभर मुरू द्यावे. सकाळी नट थोडा सैल, थोडा उलट असा हलवत काढावा. जोर केला की मॅझॅकचा पेच मूर्तीच्या पोटातून तुटतो आणि मग ती जोडणारा कारागीर शोधत फिरावे लागते. डिसोटोच्या काही मूर्तींच्या आत दिवा असे, म्हणून तार आहे का ते आधी पाहावे. बॅटरी सोडवून ठेवणे हे तर ओघाने आलेच.

जाळीच्या कडेने रंगावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि पेच सोडवताना दुसऱ्या माणसाने जाळी धरावी. शेवटचा पेच निघाला की ती बंपरवर आपटते. निघालेला प्रत्येक पेच त्याच्या जागेच्या खुणेसह वेगळा ठेवावा, कारण लांबी सारखी दिसली तरी नसते. नव्या मूर्तीखाली रबरी गादी घालावी, नाहीतर धातू आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी धरून पहिल्याच पावसाळ्यात गंज येतो. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. नव्या मूर्तीचे पेच जुन्या भोकांत बसत नसतील, तर बॉनेटला नवी भोके पाडण्याचा मोह आवरावा. मध्ये पत्र्याची पट्टी घालून जुळवणी करता येते, आणि ती पट्टी उद्या काढताही येते.

मुलामा घासूनपुसून काढण्याआधीही विचार करावा. पितळेत नव्याने ओतलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत. नव्या मुलाम्यानंतर त्या आणि अस्सल मूर्ती शेजारी ठेवल्या तर डोळ्याला सारख्याच दिसतात. वजन आणि पोटातला ओतीव आकडा फरक सांगतो, आणि तो आकडाच घासण्यात जातो.

शोभेसाठी दाट जाळी बसवणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जाळी ही मुळात वाऱ्याची वाट. ती अर्धी बुजवली, तर चिखलदऱ्याचा घाट चढताना बुचावरचा तो जुना तापमापक नव्याने आठवेल.

मूर्तींचा काळ संपला तो मुख्यतः पायी चालणाऱ्यांच्या जिवासाठी. टोकदार धातू बॉनेटवर उभा असला की धडकेत तो माणसाच्या अंगात शिरतो. युरोपात १९७४ च्या निर्देशानुसार अशा मूर्ती थोड्याशा दाबाने वाकतील, आत जातील किंवा सुटून पडतील अशा असणे आवश्यक झाले. मर्सिडीजचा तारा म्हणूनच स्प्रिंगवर डुलतो आणि रोल्स-रॉइसची ती स्त्री धक्का लागताच आत जाते. भारतात जाळीपुढे लोखंडी गज बसवण्याच्या हौशीविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या. जुन्या गाडीवर स्थिर मूर्ती बसवून ती रस्त्यावर नेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. प्रदर्शनापुरती बसवून एरवी काढून ठेवणारे संग्राहकही आहेत.

वऱ्हाडच्या रस्त्यांवर तोंड बदलल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र कोणाच्या अंगणात घडले नाही. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले, आणि सरकी-कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकांच्या जाळीवर तीन टोकांचा जर्मन तारा चमकू लागला. करार १९६९ साली संपला. तारा उतरला, त्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले; मागचा ट्रक तोच राहिला. परतवाडा रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या छायाचित्रात कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक दिसला, तर भिंगाने आधी त्याच्या जाळीचा मध्य पाहावा. तिथे ‘टी’ असेल, तर पाठीवर कोणत्याही शाईने काहीही लिहिलेले असो, ते छायाचित्र १९५६ चे नाही.